आटवून पाजलेलं पाणी

कुणाच्या घरी गेलं की पाण्याचा तांब्या पुढे येतो, आणि मी आधी पाण्याकडे बघते, मग माणसाकडे. वाईट सवय आहे, कळतं मला. नवरा म्हणतो, "अगं, लोकं तुला पाणी देतात, नमुना नाही!" पण अख्खी नोकरी पाणी तपासण्यात गेली. तहान नंतर लागते, शंका आधी येते.

संपादकांचा फोन आला, "मॅडम, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीचा अंक आहे." गमतीदार आहेत की. दोन सांगतेही. पण जो अनुभव अजून छातीवर बसलेला आहे तो गमतीचा नाही, आणि तो गाळून नुसत्या गमती लिहिल्या तर मला झोप यायची नाही. तेव्हा दिवाळीच्या फराळात एक कारल्याची फोड निघाली तर रागावू नका.

मी आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काहीतरी पांढरंशुभ्र, चकाचक वाटतं. आमची म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा फ्रीज, काचेच्या नळ्या आणि खिडकीत घर केलेली कबुतरं. गावोगावच्या सार्वजनिक विहिरी, बोअर, हातपंप यांचं पाणी आमच्याकडे बाटल्यांतून यायचं. एका बाटलीत आम्ही जंतू बघायचो, दुसरीत क्षार. पाणी निवळशंख दिसलं म्हणजे चांगलं, ही समजूत इतकी पक्की की मी ती मोडायच्या नादात कितीतरी पाहुण्यांचं चहापाणी कडू केलंय. गढूळ पाणी निदान सांगतं तरी की मी गढूळ आहे. खरा दगा देतं ते आरशासारखं पाणी.

गमतीचं म्हणाल तर एकदा एक गृहस्थ दारूच्या चपट्या बाटलीत पाणी घेऊन आले. दोघा भावांत वाटणी झालेली, विहीर तेवढी सामाईक राहिलेली. बाटली टेबलावर आदळून म्हणाले, "मॅडम, याच्यात इख हाय. माह्या भावानं टाकलं. कागदावर लिहून द्या." मी बूच काढलं आणि नाक फिरवलं. म्हटलं, "काका, विष आहे खरं, पण ते विहिरीतलं नाही. बाटली धुतली होती का?" गृहस्थ म्हणाले, "रिकामी तं केल्ती ना बाप्पा!" पुन्हा स्वच्छ बाटली देऊन धाडलं. विहीर ठणठणीत निघाली, याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

आणि एकदा पाच गावांच्या पाच कॅन आल्या, पाचांचे क्षार एकसारखे. जुळ्या भावंडांतसुद्धा एखादा तीळ इकडचा तिकडे असतो, इथं तेही नाही. शेवटी कळलं, आणणाऱ्याची बस चुकली होती, म्हणून त्यानं पाचही कॅन तालुक्यातल्याच एका हॉटेलच्या नळावर भरल्या. मी विचारलं तर म्हणतो, "मॅडम, पानी ते पानी. सारं आभाळातूनच येते ना?" हसले मी तेव्हा. पण मागाहून ध्यानात आलं, त्या पाच गावांचं खरं पाणी कसं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि लोक ते पीत होते.

या नोकरीतली काळजी ही अशी असते. तुमच्या हातात बाटली येते तेव्हा ते पाणी गावानं पिऊन झालेलं असतं. आम्ही कायम मागून धावणारी माणसं.

आता जे सांगायचं त्याकडे येते. त्याआधी नायट्रेट म्हणजे काय ते दोन ओळींत सांगावं लागेल. शेतात टाकलेला युरिया, उकिरड्यातलं शेण, गोठ्यातलं मूत, संडासाचे शोषखड्डे, या सगळ्यातलं नत्र पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरतं आणि झिरपत झिरपत विहिरीत उतरतं. त्यालाच पाण्यात आम्ही नायट्रेट म्हणून मोजतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला त्यानं पटकन काही होत नाही, म्हणून गावात कोणी तक्रार करत नाही. पण वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल आणि ते दूध तसल्या पाण्यात कालवलेलं असेल, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. बाळ निळं पडतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. डोळ्यांनी पाहावं लागेल असं कधी मनात आलं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. देऊळगाव राजाकडून मेहकरकडे येताना मोठा रस्ता सोडून आत जावं लागतं, एवढं पुरे. गावची पाण्याची विहीर उताराच्या तळाशी. वरच्या अंगाला मिरची, टोमॅटो, कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट, ठिबकमधून विरघळवलेलं खत सोडायची पद्धत. खालच्या अंगाला, घरं आणि विहीर यांच्यामध्ये, उकिरड्यांची रांग. आमच्याकडे प्रत्येक घराची उकिरड्याची जागा ठरलेली असते, आज्याच्या वेळपासून. शेताच्या बांधावरून एखाद वेळी लोक समजुतीनं घेतील, पण उकिरडा हातभर सरकवा म्हणा, की कुऱ्हाडी निघाल्याच म्हणून समजा.

विहिरीची जागा वामनभाऊंनी गावाला दिलेली. दुष्काळात गावाच्या घशाला कोरड पडली होती, तेव्हा या माणसानं स्वतःच्या शेतातला पाणी लागणारा तुकडा बक्षीस लिहून दिला आणि वर एक पैसा घेतला नाही. काठावर त्यांच्या वडिलांच्या नावाचा दगड आहे. दसऱ्याला विहिरीला पहिला नारळ वामनभाऊंचा. सत्तरीचा, ताठ कण्याचा माणूस. बोलायला गोड, पण विहिरीबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की भुवया चढायच्या.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीत त्या विहिरीचं नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. एवढं, की मला माझ्याच हातावर शंका आली. नियम असा की शंका आली तर पुन्हा नमुना घ्यायचा, आणि तो यावेळी मी स्वतःच घ्यायचा ठरवला. आमच्याकडे भाड्याची जीप होती, सलीमभाई चालवायचे. सोयाबीनची मळणी चालू होती, रस्ताभर भुसा उडत होता. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, आज चेहरा काऊन उतरला?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी बघायचंय." ते म्हणाले, "पानी तं रोजच पाह्यता." त्या गावात वरच्या दुधावरचं बाळ कोणाकडे असेल का, हा एकच विचार सकाळपासून डोक्यात घुमत होता.

विहिरीवर दोर सोडून मी बाटली भरत होते, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. तिशीची असेल. जीप पाहून धावत आली होती. तिचं नाव सुमन, वामनभाऊंची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण.

"तुमी दवाखान्याच्या का वं?"

"नाही बाई, मी पाण्याची."

"मंग काय कामाच्या!" म्हणून ती मागं वळलीसुद्धा.

मी हाक मारली. काय झालं म्हणून विचारलं. तर ती फिरून एका दमात बोलत सुटली, "वामनभाऊचा नातू निळा पडून राह्यला. सारे म्हनतेत दिष्ट लागली, कोनी म्हनते काळजाले भोक हाय. उद्या जालन्याले नेऊन राह्यले. म्या सांगतलं, उद्या कायले, आज न्या, आत्ता न्या. कोनी ऐकत न्हाई. मॅडम, माही पोरगी अशीच निळी पडली अन् दुसऱ्या दिवशी गेली. मले मालूम हाय ते निळं कसं असते."

बाटलीला बूच लावता लावता मी फक्त विचारलं, "बाळाला दूध कोणतं?"

"वरचं. रेखा तापानं फनफनली हाय, अंगावर दूधच न्हाई तिले."

रेखा म्हणजे वामनभाऊंची सून. मी सलीमभाईंना किटची पेटी घ्यायला सांगितलं आणि सुमनच्या मागं निघाले. चालत नव्हते, धावत होते. साडी उकिरड्यांच्या चिखलातून फरफटत होती.

घरात पाऊल टाकलं तर ओसरीवर वामनभाऊ चुलीसमोर बसलेले. चुलीवर पितळी गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, त्यात पाणी खळखळत होतं. आजीच्या मांडीवर बाळ. कपाळाला, गालाला, तळपायाला काजळाची तीट. आणि ओठ? जांभूळ खाऊन चोळल्यासारखे. नखंही तशीच. रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. आजीच्या हातात बाटली तयार होती.

"ते पाजू नका!" मी ओरडलेच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाणी तपासणारी बाई, ना ओळख ना देख, दुसऱ्याच्या ओसरीवर चढून नातवाचं दूध अडवते! खरं सांगते, मी डॉक्टर नव्हते. माझा अंदाज चुकला आणि मी उपाशी बाळाचं दूध तोडलं, असं झालं तर? आणि बरोबर असला आणि मी गप्प बसले, तर?

वामनभाऊ उठले. "काऊन वं? काय झालं दुधाले?"

"दुधाला नाही, भाऊ. पाण्याला."

"पानी माह्या विहिरीचं हाय." त्यांचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "अन् कच्चं पाजत न्हाई आमी. बायकाहिच्या हाती देल्लं तं उकळी फुटली की उतरोतेत. म्हनून म्या सोता बसतो. अर्धं आटल्याशिवाय गंज खाली उतरत न्हाई."

ऐका हे नीट. बाळंतिणीला, तान्ह्या लेकराला पाणी नुसतं उकळून नाही, अर्धं आटवून द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. चांगली रीत आहे, जंतूंचा निकाल लागतो. शहाण्यासुरत्या घरात तर ती डोळ्यात तेल घालून पाळतात. वामनभाऊ तासन्‌तास धूर खात बसायचे त्या पाण्यापाशी. नातवासाठी याहून जास्त कोणी काय करणार!

नुसतं सांगून पटणार नव्हतं. मी पेटी उघडली, ओसरीवर तीन नळ्या मांडल्या. एकीत सलीमभाईंच्या बाटलीतलं, त्यांच्या घरून आणलेलं पाणी, दुसरीत आत्ता भरलेलं विहिरीचं, तिसरीत वामनभाऊंच्या गंजातलं, आटवलेलं, गार करून. तिन्हींत पुडीतली पूड टाकली, हलवल्या. या तपासणीत पाणी गुलाबी होतं; जितका रंग गडद तितकं नायट्रेट जास्त. पण रंग यायला थोडा वेळ लागतो, आणि तो थोडा वेळ संपता संपेना. बाळ कण्हत होतं. आजी म्हणत होती, "लेकरू भुकेलं हाय, कायले छळून राह्यले!" सुमन बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होती आणि दर टिचकीला त्याच्या तोंडाकडे बघत होती.

सलीमभाईंच्या पाण्याला जेमतेम रंग आला. विहिरीचं पाणी चांगलं गुलाबी झालं. आणि वामनभाऊंनी आटवलेलं, त्याहून कितीतरी गडद.

वामनभाऊ वाकून बघत राहिले. "हे उकळेल हाय ना? उकळल्यावर तं सारं मरते."

"जंतू मरतात, भाऊ. हे जिवंतच नाही, मरणार कसं? मिठाचं पाणी आटवलं तर खारटपणा कमी होतो का वाढतो?"

झालं. शेतकरी माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी आजीच्या हातातली बाटली घेतली, अंगणात रिकामी केली, आणि मला म्हणाले, "कुठी न्यायचं सांगा."

रेखाला उठवत नव्हतं, ती खाटेवरून हात जोडत होती. जीपमध्ये मागं वामनभाऊ, त्यांच्या मांडीवर बाळ, शेजारी सुमन. मी पुढं. तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर माहीतच आहे. सलीमभाई खड्डे चुकवत होते, खरं तर काही खड्डे चुकवतही नव्हते. मी मागं वळून वळून विचारत होते, "हलतंय ना?" सुमन म्हणायची, "हाव." एकदा तिनं उत्तर दिलं नाही. मी वळले तर ती बाळाच्या नाकाशी गाल लावून बसली होती. मग हळूच म्हणाली, "हाय. हाय. चालवा भाई."

तिथला डॉक्टर अगदी तरुण होता. मी त्याला म्हटलं, "मी पाणी तपासते, मला बाळांतलं कळत नाही, पण या बाळानं नायट्रेटचं पाणी प्यायलंय, आटवलेलं." तो हसेल, झिडकारेल, काय करेल याची मला धास्ती होती. तसलं काही झालं नाही. त्यानं प्राणवायू लावला, सिरिंजमध्ये थोडं रक्त ओढलं आणि उजेडात धरलं. रक्त लाल नव्हतं. चॉकलेटसारखं तपकिरी. तो मला म्हणाला, "तुम्ही बोलला नसतात तर मी हार्टच शोधत बसलो असतो." आणि फोनकडे धावला. यावरचं औषध जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात होतं. बाळाला आणि आम्हा तिघांना घेऊन ॲम्ब्युलन्स लगेच निघाली. औषधाचा रंग निळा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. निळ्या पडलेल्या लेकराच्या शिरेत निळं औषध जाताना बघून वामनभाऊंनी माझा हात घट्ट धरला. मीही तो सोडला नाही, मलाच धीर हवा होता.

दिवस मावळायच्या आत बाळाचे ओठ गुलाबी झाले. आणि ते रडलं. असं खणखणीत रडलं की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. वामनभाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि धोतराचा सोगा तोंडात कोंबून रडले. सुमन मात्र रडली नाही. ती बाळाकडे बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काय होतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात देवळात ग्रामसभा भरली. मला बोलावलं होतं. मी सगळं समजावून सांगितलं, युरियाचं, उकिरड्यांचं, आटवण्याचं. मग जी जुंपली म्हणता! उकिरडेवाले म्हणाले, "प्लॉटवाले पोत्यावर पोते युरिया सोडतेत, त्याहिले सांगा." प्लॉटवाले म्हणाले, "तुमचे उकंडे विहिरीच्या उशाले, अन् बोल आमाले?" एकानं उठून विचारलं, "संडास बांधा म्हनले तं बांधले, आता त्याचंबी पानी मुरते म्हनता. मंग मानसानं जाव कुठी?" हशा पिकला. मला हसू आलं नाही, कारण त्याचं खरं होतं. सगळे एकमेकांना विचारत होते, कोणाचं? नायट्रेटवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. थोडं याच्या शेतातलं, थोडं त्याच्या गोठ्यातलं, वर्षानुवर्षं मुरलेलं. आडात गेलं ते पोहऱ्यात आलं, एवढंच प्रयोगशाळा सांगू शकते.

शेवटी वामनभाऊ उठले. ते म्हणाले, "भांडू नका. शाळेजवळचा हातपंप मॅडमनं तपासला, चांगला हाय. प्याले तिथून न्या. विहीर आजपासून फक्त ढोराहिले अन् कपड्याले. अन् तिले लाल रंग म्याच लावतो. बापाचं नाव हाय तिच्यावर, दुसऱ्या कोनाचा हात नको." आणि लावला त्यांनी. ब्रश हातात धरून तो म्हातारा काठावर ओणवा झालेला मी पाहिला. ज्या विहिरीनं गाव जगवलं तिच्यावर "पिण्यासाठी नाही" लिहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

वामनभाऊंनी आपला उकिरडा हलवला, वरच्या प्लॉटवरचं खत कमी केलं. काहींनी त्यांचं पाहून केलं, काहींनी केलं नाही. माझी बदली होईपर्यंत मी त्या विहिरीचं पाणी तपासत राहिले. आकडा उतरत होता, पण मुंगीच्या पावलानं. मुरायला जितकी वर्षं लागली, त्याहून कमी वर्षांत निघत नाही ते.

पण मला सांगायचं ते अजून उरलंय.

सभेनंतर काही दिवसांनी मी पुन्हा नमुना घ्यायला गेले. सकाळची वेळ. पाहते तर विहिरीच्या सगळ्यात जवळचा उकिरडा सुमन एकटी उपसत होती. घमेल्यानं शेण भरून पार ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकत होती. घामानं चिंब.

"अगं, एकटीच? कोणाला तरी बोलव."

"कोनाले बोलावू? उकंडा माहा हाय." तिनं घमेलं खाली ठेवलं. "मॅडम, एक गोष्ट इचारू? खरं सांगसान?"

मला कळलं ती काय विचारणार. सभेतच कळायला हवं होतं.

"माह्या पोरीलेबी वरचंच दूध होतं. पानी याच विहिरीचं. वामनभाऊनं मले शिकोलं होतं, अर्धं आटू दे म्हने, तान्ह्या लेकराले कच्चं पानी चालत न्हाई. म्या आटोलं. रोज आटोलं." तिनं हाताचं शेण झटकलं. "मंग तेच झालं का वं, मॅडम?"

नोकरीत मी एक वाक्य असंख्य वेळा बोलले होते, लोकांच्या तोंडावर फेकलं होतं म्हणा हवं तर. तेच आता बोलावं लागलं. "सुमन, तेव्हाचं पाणी कोणी तपासलं नव्हतं. नमुन्याशिवाय मला नाही सांगता येत."

"म्हंजे न्हाई असंबी सांगता येत न्हाई."

"नाही सांगता येत."

मला वाटलं ती कोसळेल, मला, भाऊंना, कोणाला तरी शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या, मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं पदरानं तोंड पुसलं, घमेलं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "वामनभाऊले सांगू नका म्या हे इचारलं म्हनून. म्हाताऱ्याच्या जिवाले लागन."

मी सांगितलं नाही. भाऊंना नाही, ऑफिसात नाही, घरीसुद्धा नाही. त्यांचा नातू आता शाळेत जातो, दांडगा झालाय म्हणतात. वामनभाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांना एवढंच माहीत होतं की सुमन नावाच्या शेजारणीनं आरडाओरडा केला म्हणून आपला नातू वाचला. प्रत्येक दिवाळीला तिच्यासाठी साडी न्यायचे.

हे लिहायला घेतलं तेव्हा सुमनला फोन केला. म्हटलं, नाव बदलते, गावाचं नाव देत नाही, पण तुझ्या मुलीचं लिहू का?

ती म्हणाली, "लिहा. पन म्या माह्या पोरीले कच्चं पानी कधीच पाजलं न्हाई, हेबी लिहा."